थालीपिठाची भाजणी: प्रमाण सगळे सांगतात, भाजायचं किती ते कोण सांगणार?

पळीपंचपात्र
मंडळी, भाजणीची प्रमाणं शोधायला गेलं की ढिगाने सापडतात, आणि प्रत्येक ठिकाणी शेवटी एकच ओळ, 'सगळं खमंग भाजून गिरणीतून दळून आणा', की झालं. अहो पण खमंग म्हणजे किती? बाजरी किती आणि उडीद किती? कुठलं आधी, कुठलं शेवटी? तेच तर खरं काम आहे ना. म्हणून हा धागा. आपापल्या घरची भाजणी सांगा पण भाजण्यासकट, डिट्टेलवार.

सुरुवात मी करते. आमच्याकडचं प्रमाण असं: बाजरी ४ वाट्या, ज्वारी २, तांदूळ २, गहू १, हरभऱ्याची डाळ १, अख्खे काळे उडीद १, हिरवे मूग अर्धी, धणे १ आणि जिरे पाव वाटी. मेथ्या छोटा चमचाभर, त्याहून जास्त नाही. धणे एक वाटी वाचून काही जणांच्या भुवया वर जातील पण थालीपिठाला जो वास येतो तो त्यांचाच. अर्ध्या वाटीच्या खाली जाऊ नका एवढंच म्हणेन.

चकलीची, उपवासाची, वड्यांची, कुठलीही भाजणी चालेल.

तव्यावरचा
वाचनखूण साठवली! पाककृती येऊ द्या भराभर. मी एकटा राहतो, गिरणीवाला म्हणतो दोन किलोच्या खाली दळत नाही, तर मिक्सरवर होईल का हे पण कुणीतरी सांगा.

उखळमुसळ
चांगला विषय काढलास गं. माझी पद्धत लिहिते, लांबेल जरा.

पहिली गोष्ट म्हणजे सगळं एकत्र कढईत ओतायचं नाही. बाजरीचा दाणा बारीक, हरभऱ्याची डाळ जाड, एकत्र भाजलं तर डाळ कच्ची असताना बाजरी काळी पडते. प्रत्येक धान्य वेगळं, आणि कढईत थर पातळच हवा, उलथन्याने सगळे दाणे फिरतील एवढाच. गॅस मंद ते मध्यम. मोठ्या आचेवर वरून रंग येतो, आत कच्चंच राहतं, मग थालीपीठ चिवट होतं आणि आपण पाण्याला दोष देतो.

आता एकेक बघ. बाजरी तडतडायला लागते, उडते पण, हाताला गरम लागून खरपूस वास आला की काढायची. ज्वारीतल्या थोड्या दाण्यांच्या लाह्या फुटायला लागल्या की बास. तांदूळ आधी पांढरेफटक होतात, किंचित फुगतात, त्यानंतर कुठे अगदी हलका बदामी रंग धरतात, तिथे थांबायचं. हरभऱ्याची डाळ सगळ्यात वेळखाऊ, तिच्यावर बदामी ठिपके आले की एक दाणा दाताखाली धर, कट्टकन तुटला पाहिजे, दबला तर अजून भाज. काळ्या उडदाचा रंग काही कळत नाही सालामुळे, तिथे नाकच कामाला येतं, नाहीतर एक दाणा फोडून आतला रंग बघायचा, गुलाबीसर झाला की झालं. गहू फुगून तांबूस होतो.

धणे-जिरे सगळ्यात शेवटी, आणि त्यांना मी गॅस जवळजवळ देतच नाही, गॅस बंद करून तापलेल्या कढईत टाकायचे आणि हलवत राहायचं. हे करपले तर अख्ख्या डब्याला कडवट चव येते, मग कितीही गूळ घाला. मेथ्यांचंही तसंच, लालसर ठीक, चॉकलेटी झाल्या की फेकून दुसऱ्या घ्यायच्या.

आणि भाजून झालेलं कढईत ठेवायचं नाही!! लोखंडी कढई गॅस बंद केल्यावरही भाजत असते. लगेच परातीत पसरायचं. पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरून गिरणीत न्यायचं नाही, वाफ धरते.

पळीपंचपात्र
काकू दंडवत घ्या _/\_ हेच पाहिजे होतं. कट्टकन तुटणारी डाळ ही खूण कुठल्याच पाककृतीत लिहिलेली नसते.

खुसपट
एक शंका. सगळे म्हणतात जास्त भाजलं की जास्त खमंग, मग जास्त भाजलं तर बिघडतं काय नेमकं, कडू लागण्याव्यतिरिक्त?

उखळमुसळ
@खुसपट, पीठ मिळून येत नाही. फार भाजलेल्या भाजणीचा गोळा कोरडा राहतो, थापताना कडा फाटतात, पाणी घालावं तर थोड्या वेळाने सैल पडतो. कच्चट भाजणीचं उलटं, चिकट होते, आणि कांदा घातला तरी पिठाचा कच्चा वास लपत नाही. मळताना हाताला कळतंच.

आज्जीचा_डबा
आमच्याकडे डाळी आणि तांदूळ आधी धुतात, कपड्यावर सावलीत वाळवतात आणि मग भाजतात. धुतलेलं एकसारखं भाजलं जातं आणि डाळींना लावलेली पावडर पण निघते. कटकट आहे मान्य, आणि वाळणं नीट झालं पाहिजे, आत दमटपणा राहिला की डब्यात जाळ्या होणार हे नक्की. पावसाळ्यात मात्र धुवायच्या भानगडीत पडू नये, ओल्या फडक्याने पुसून घ्यावं.

बाजरी आम्ही कमी घालतो, ज्वारी ४ आणि बाजरी २. बाजरी जास्त असली की भाजणी लवकर कडवट होते असा घरचा अनुभव.

बाजरीचं_कणीस
@आज्जीचा_डबा, बाजरीवर अन्याय नको :) बाजरीत मुळात तेलाचं प्रमाण जास्त असतं आणि दळली की त्यातलं एन्झाइम त्या तेलावर काम करायला लागतं, म्हणून बाजरीचं कच्चं पीठ थोड्याच दिवसांत कडू होतं. पण आख्खी बाजरी नीट भाजली की त्या उष्णतेनं हे एन्झाइम बरंचसं निकामी होतं, म्हणून तर भाजणी बाजरीच्या साध्या पिठापेक्षा कितीतरी जास्त टिकते. कडवट होत असेल तर बाजरी कच्ची राहतेय किंवा डबा गॅसशेजारच्या कपाटात आहे. मी तर महिन्याला लागेल एवढी बाहेर ठेवते आणि बाकीची फ्रीजमध्ये. फ्रीजमधली काढली की खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची आणि मगच डबा उघडायचा, नाहीतर पाणी सुटतं आत.

आमच्याकडे मटकी पण असते अर्धी वाटी. मटकीनं थालीपीठ जरा खुसखुशीत होतं असं मला वाटतं, नवऱ्याला फरक कळत नाही, त्याला लोण्याचा गोळा दिसला की बाकी काही कळत नाही.

खुसपट
२०२३ साल भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरं झालं तेव्हा सगळीकडे मिलेट पॅनकेक, मिलेट पिझ्झा चालू होतं. थालीपिठाला कुणी विचारलं नाही बिचाऱ्याला. अवांतर झालं, चालू द्या.

कोकमकढी
कोकणातून हजेरी. आमच्याकडे बाजरी जवळपास नाहीच, तांदूळ जास्त आणि नाचणी. नाचणी भाजायला सोपी वाटते पण फसवी आहे, रंग आधीच तांबडा त्यामुळे कळत नाही, तडतड ऐकायची आणि तडतड कमी व्हायला लागली की उतरवायची.

आणि वड्यांचं पीठ ही वेगळी गोष्ट आहे हां, थालीपिठाची भाजणी घेऊन कोंबडीवडे करू नका कृपया. वड्याला तांदूळ मुख्य. आमचं प्रमाण: जाडे तांदूळ ४ वाट्या, उडदाची डाळ १, हरभऱ्याची डाळ अर्धी, गहू मूठभर, धणे अर्धी वाटी, मेथ्या चमचाभर, बडीशेप एक मोठा चमचा. हे फार भाजायचं नाही, नुसतं चांगलं गरम करायचं, हाताला चटका बसेल इतपत. रंग बदलायच्या आत उतरवायचं, कारण वडा तेलात जाऊन लाल होणारच आहे. दळताना सरसरीत. गरम पाण्यात भिजवून निदान दोन-तीन तास झाकून ठेवायचं आणि थापताना हाताला पाणी, कागदाला तेल. वडा फुगला नाही तर बहुतेक वेळा पीठ घट्ट राहिलेलं असतं किंवा तेल पुरेसं तापलेलं नसतं.

तव्यावरचा
तोंडाला पाणी सुटलं... वडे आणि सागोती डोळ्यासमोर आली आणि इकडे मी ऑफिसच्या कँटीनमध्ये.

माझा मिक्सरचा प्रश्न राहिला बरं का लोकहो. आणि अजून एक, थालीपीठ तव्याला चिकटतं कधीकधी, उलटताना निम्मं तव्यावर निम्मं उलथन्यावर.

पळीपंचपात्र
@तव्यावरचा, मिक्सरवर होतं रे. थोडं थोडं घाल, भांडं तिसऱ्या हिश्श्याच्या वर भरू नकोस, फिरवून चाळ, चाळणीवर राहील ते परत फिरव. अगदी बारीक झालंच पाहिजे असं नाही, थालीपिठाची भाजणी हाताला किंचित रवाळ लागली पाहिजे, मैद्यासारखी झाली तर थालीपीठ घट्ट होतं. आणि मिक्सर तापला की थांब, नाहीतर पीठही तापतं.

चिकटण्याचं: थालीपीठ नेहमी गार तव्यावर थापायचं, तवा तापलेला असेल तर ओल्या फडक्यावर थापून मग टाकायचं. तव्यावर तेल सढळ हाताने. मध्ये एक आणि कडेने चार भोकं पाडायची, प्रत्येक भोकात तेल सोडायचं आणि झाकण ठेवायचं. खालची बाजू स्वतःहून सुटेपर्यंत हात लावायचा नाही. झाकणाखालून येणारा चर्रर्र आवाज कमी झाला आणि कडा तव्यापासून वर उचलल्यासारख्या दिसल्या की उलटायचं. घाई केलीस की निम्मं तव्यावर राहणारच.

आणि कांदा-मीठ घालून मळलेलं पीठ ठेवून देऊ नकोस, कांद्याला पाणी सुटतं आणि गोळा ढिला होतो. नुसती भाजणी तिखट-हळद-तीळ घालून कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजव, कांदा-कोथिंबीर-मीठ थापायच्या आधी. हा क्रम बदलून बघ एकदा.

बाजरीचं_कणीस
+१ कांद्याच्या क्रमाला. आणि कांदा बारीक चिरायचा, किसायचा नाही, किसलेल्याचं नुसतं पाणी होतं.

सातासमुद्रापार
छान धागा. इकडे गिरणी नाही, आख्खी बाजरी मिळेलच असं नाही, मिळतात ती तयार पिठं. पिठं भाजून भाजणी होते का? सासूबाई म्हणतात ती भाजणीच नव्हे.

आज्जीचा_डबा
@सातासमुद्रापार, सासूबाईंचं तत्त्व म्हणून बरोबर आहे पण उपाशी राहण्यापेक्षा बरी की. माझी बहीण बाहेर असते, ती अशी करते: ज्वारीचं पीठ १ वाटी, बाजरीचं १, तांदळाचं अर्धी, कणीक अर्धी, बेसन अर्धी, उडदाचं पाव वाटी. प्रत्येक पीठ वेगवेगळं, जाड बुडाच्या भांड्यात, अगदी मंद आचेवर, आणि सतत हलवत, कारण पीठ खाली लागायला वेळ लागत नाही आणि खाली लागलेलं मिसळलं की सगळ्याला जळका वास. बेसन सगळ्यात जास्त वेळ भाजायचं, लाडवाला भाजतो त्याच्या निम्म्यापर्यंत न्यायचं, पण तूप न घालता. धणे-जिरे मात्र आख्खे आणून भाजून घरीच भरड कुटायचे, तयार धणेपूड घालू नये, निम्मी मजा तिथेच जाते. आख्ख्या धान्याच्या भाजणीचा खरपूसपणा येत नाही पण कांदा-कोथिंबीर घातल्यावर ७०-८० टक्के तरी जवळ जाते.

ओव्हन असेल तर आख्खी धान्यं ट्रेमध्ये एका थरात पसरून १५० डिग्रीला भाजता येतात, मध्ये दोन-तीनदा हलवायचं. बाजरी वेगळ्या ट्रेमध्ये, कारण तेच, दाणा बारीक.

सातासमुद्रापार
ओव्हनचं डोक्यातच आलं नव्हतं, थँक्यू! ज्वारी मिळते इथे आख्खी, ती आणि डाळी ओव्हनमध्ये आणि बाजरीचं पीठ कढईत असं मिक्स करून बघते.

रोजचं_ताट
कुणीच मोकळ भाजणीचं नाव घेतलं नाही?? निषेध. थालीपीठ थापायचा कंटाळा आला की आमच्याकडे हाच बेत.

दोन वाट्या भाजणीला दोन मोठे कांदे, तेल चांगलं चार-पाच मोठे चमचे, इथे हात आखडता घ्यायचा नाही. मोहरी, हिंग, हळद, कढीपत्ता, हिरव्या मिरच्या अशी फोडणी, कांदा त्यात गुलाबी होऊ द्यायचा, मग भाजणी टाकून दोन-तीन मिनिटं परतायची, भाजलेलीच आहे त्यामुळे जास्त नाही. मीठ, चिमूटभर साखर. आता आंबट ताक हाताने शिपडायचं आणि हलवायचं, परत शिपडायचं, परत हलवायचं. एकदम ओतलं की पिठल्याचे गोळे तयार. वाटी-सव्वा वाटी ताक लागतं साधारण, भाजणी कशी दळलीय त्यावर आहे. ओल्या वाळूसारखं मोकळं दिसलं की झाकण ठेवून मंद आचेवर वाफ काढायची, मध्ये हलवून परत वाफ. वरून ओलं खोबरं, कोथिंबीर, बाजूला कच्चा कांदा नाहीतर भाजलेला पापड. बारीक दळलेल्या भाजणीची ही चांगली होत नाही, चिकट होते.

खुसपट
मोकळ भाजणीला दंडवत. घशात अडकते म्हणून नावं ठेवणारे लोक ताक कमी घालतात एवढंच.

निरांजन
चकली भाजणीवर बोला ना कुणीतरी, खरा घोळ तिथेच असतो. काहीजण म्हणतात मोहन (पिठात घालायचं तेल) कमी, काही म्हणतात पाणी जास्त, नक्की काय?

उखळमुसळ
@निरांजन, आधी भाजणी. तांदूळ ४ वाट्या, हरभऱ्याची डाळ २, उडदाची डाळ १, मुगाची डाळ अर्धी, जाडे पोहे अर्धी, धणे पाव वाटी, जिरे दोन चमचे. तांदूळ धुऊन सावलीत वाळवलेले. इथे थालीपिठासारखं तांबूस भाजायचं नाही, तांदूळ पांढरेशुभ्र फुलले, हलके झाले की पुरे. हरभऱ्याची डाळ मात्र कच्ची नको, रंग बदलायला सुरुवात झाली की काढ. डाळ लाल केलीस तर चकली तेलात गेल्याबरोबर काळपट होते आणि लोक म्हणतात तेल जुनं होतं. पोहे नुसते कुरकुरीत होईपर्यंत. उडीद प्रमाणातच, वाढवले की चकली दगड.

दळायला बारीक, आणि गिरणीत गव्हावर दळू नकोस, तांदूळ किंवा डाळ दळून झाल्यावर टाकायला सांग.

मग उकड. एक वाटी भाजणीला साधारण एक वाटी पाणी, त्यात एक सपाट मोठा चमचा तेल, तिखट, मीठ, हिंग, ओवा, तीळ. पाणी खळखळ उकळलं की गॅस बंद, भाजणी घालून ढवळायचं आणि झाकून निवेपर्यंत ठेवायचं. नंतर लागलं तर पाण्याचा हात लावून मऊसूत मळायचं, आणि सगळा गोळा एकदम नाही, सोऱ्यात मावेल तेवढाच.

आता तुझा घोळ. पहिली एकच चकली तळून बघायची. तेलात तुकडे पडले, विरघळल्यासारखी झाली तर मोहन जास्त झालंय, थोडी कोरडी भाजणी गरम पाण्यात भिजवून त्यात मळून घे. कडक झाली तर मोहन कमी, चमचाभर लोणी मळ. पाडतानाच तुटत असेल तर पीठ कोरडं आहे, नुसता पाण्याचा हात पुरतो. आणि तळताना कुरकुरीत पण डब्यात गेल्यावर मऊ पडली तर मोठ्या आचेवर तळलीय, बाहेरून रंग आला पण आत पाणी राहिलं. तेलातले बुडबुडे जवळजवळ बंद झाले की मगच काढायची.

निरांजन
हे प्रिंट काढून फ्रीजवर लावतेय काकू. बुडबुडे बंद व्हायची वाट बघायची हे कुणी सांगितलंच नव्हतं, आमच्याकडे सगळे रंगावर काढतात.

आज्जीचा_डबा
गिरणीवरून आठवलं. उपवासाची भाजणी कृपया गिरणीत देऊ नका, आधी कुणी काय दळलंय ते कळत नाही. आमच्या भाजणीत एकदा ज्वारी आली होती, कळलं तेव्हा निम्मं घर जेवून झालं होतं. घरघंटी किंवा मिक्सर. वरी २ वाट्या, साबुदाणा १, राजगिरा १, जिरे दोन चमचे. साबुदाणा भाजताना धीर धरायचा, मंद आचेवर हलका होऊन फुलायला लागतो, दाताखाली सहज चुरला पाहिजे, कच्चा राहिला की थालीपीठ रबरासारखं ताणतं. राजगिरा फटाफट फुटून बाहेर उडतो म्हणून झाकण हाताशी ठेवा. बटाटा किसून घालायचा मळताना, दाण्याचं कूट, मिरची. धणे आमच्यात उपवासाला चालत नाहीत, ज्यांच्यात चालतात त्यांनी घालावे, त्यावरून इथे वाद नको.

कोकमकढी
वाद नको म्हटल्यावर नक्की होतो :D आमच्यात कोथिंबीर चालते, धणे नाहीत. विचारू नका का.

बाजरीचं_कणीस
एक विचारायचं होतं, माझी नणंद ग्लूटेन खात नाही, डॉक्टरांनी पूर्ण बंद सांगितलंय. भाजणीतला गहू काढला की झालं का?

पळीपंचपात्र
गहू काढून त्याऐवजी तांदूळ किंवा ज्वारी वाढवली तर चवीला काही फरक पडत नाही, गहू तसाही एकच वाटी असतो. पण पूर्ण बंद असेल तर गिरणीतलं चालणार नाही, तिथे दिवसभर गहूच दळला जातो, तो मिसळतोच. तिची भाजणी घरी मिक्सरवर, आणि चाळणीसुद्धा कणकेची नको. हिंग पण बघून घे, बऱ्याच डब्यांवर घटकांमध्ये गव्हाचं पीठ लिहिलेलं असतं.

बाजरीचं_कणीस
हिंगाचं बघितलं आत्ता डब्यावर, खरंच आहे!! बरं झालं विचारलं.

तव्यावरचा
अपडेट: हरभऱ्याची डाळ भाजायला अर्धी रात्र लागली असं वाटलं पण घरभर जो वास सुटला, खालच्या मजल्यावरचे विचारायला आले काय चाललंय. मिक्सरवर दळली, चाळली. थालीपीठ तव्यावरून आपोआप सुटलं. फोटो टाकणार होतो पण फोन हातात घेईपर्यंत रूममेटने संपवलं.

अजून एक शंका, दिवाळीची चकलीची भाजणी आईनं दिलेली अर्धा डबा उरलीय, तिची थालीपिठं चालतील का?

उखळमुसळ
चालतील की. नुसती घेऊ नकोस, तांदूळ जास्त असल्यामुळे कडक होतात. निम्मं ज्वारीचं पीठ मिसळ, कांदा नेहमीपेक्षा जास्त, आणि पाण्याऐवजी दह्यात मळ. आधी वास घेऊन बघ मात्र, खवट येत असेल तर टाकून दे.